साठ व्होल्टच्या पलीकडे

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे गाड्यांची दुरुस्ती हा इथला जुना, चालता धंदा. आग्रा रोडच्या कडेने कमानपाटेवाले, डिझेल पंपवाले, रेडिएटरवाले, टायरवाले ओळीने बसलेले. जळगावात अजिंठा चौफुलीच्या आसपास तोच पसारा. या मिस्तरींची गाडीतल्या विजेशी ओळख १२ किंवा २४ व्होल्टपुरती आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर पाना आडवा पडला तर ठिणगी उडते, बोट भाजतं, एक शिवी निघते आणि काम पुढे चालू होतं.

त्याच रांगेत आता नारिंगी केबलची, म्हणजे विजेची गाडी येऊन उभी राहू लागली आहे. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या मजल्याखालच्या बॅटरीचा दाब सुमारे ३२० व्होल्ट होता. विजेवरच्या बसमध्ये तो ६०० च्या पुढे जातो. पोर्शेने २०१९ मध्ये टायकान ही मोटार थेट ८०० व्होल्टच्या घरात नेऊन ठेवली आणि तेव्हापासून महागड्या गाड्यांची ओढ तिकडेच आहे. इथे पाना आडवा पडला तर शिवी द्यायला माणूस उरेलच असं नाही.

विजेच्या वाहनांतल्या उच्चदाब यंत्रणेची चाचणी म्हणजे नक्की काय, ती कोण करतं, कशी करतं आणि ती खानदेशातल्या माणसाला का ठाऊक असावी, हा या पुस्तकाचा विषय. विषय पुण्या-चाकणचा वाटतो, आणि काही अंशी तो आहेही. पण गाडी प्रयोगशाळेत काही आठवडे असते आणि पुढची दहा-बारा वर्षं रस्त्यावर. ती वर्षं ती रावेर-यावलच्या केळीच्या बागांमधून, साक्रीच्या चढांवरून आणि मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हातून काढणार असेल, तर चाचणीचं ज्ञानही तिच्या मागोमाग इकडे यायला हवं.

उच्चदाब कुठे सुरू होतो? वाहनांच्या नियमांत त्याची रेषा स्पष्ट आखली आहे: डीसी असेल तर ६० व्होल्टच्या वर आणि १,५०० पर्यंत, एसी असेल तर ३० च्या वर आणि १,००० पर्यंत. महावितरणच्या हिशेबात ‘उच्चदाब ग्राहक’ म्हणजे ११ हजार व्होल्टवाला कारखाना. तिथल्या अभियंत्याला ६० व्होल्टला उच्चदाब म्हणणं पोरखेळ वाटेल. पण वाहनाचा नियम तारेकडे बघून केलेला नाही, माणसाच्या हाताकडे बघून केला आहे. कोरड्या हातांनी ६० व्होल्टला स्पर्श झाला तर सहसा फारसं काही होत नाही. त्याच्या वर भरवसा नाही.

या रेषेने बाजाराचा आकारच ठरवून टाकला. बहुतेक स्कूटरच्या बॅटरीत १४ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. नेहमीच्या लिथियम-आयन जातीचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो. १४ ने गुणलं की ५८.८. लोह-फॉस्फेट जातीचा सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरतो, म्हणून तिथे १६ सेल, बेरीज ५८.४. पंधरावा किंवा सतरावा सेल घातला की स्कूटर रेषेपलीकडे जाते आणि तिच्यासोबत चाचण्यांचा, केबलच्या रंगाचा, झाकणांचा सगळा खर्च वाढतो. जळगावच्या गल्लीबोळांतून फिरणाऱ्या बऱ्याच विजेच्या दुचाकी या कुंपणाच्या अगदी आत, कडेला बसलेल्या आहेत.

अर्थात दाब कमी म्हणजे धोका कमी, असा अर्थ कोणी काढू नये. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये एका कंटेनरमध्ये भरलेल्या ४० विजेच्या स्कूटरपैकी २० पेटल्या. त्याच वसंतात पुण्यात, तमिळनाडूत, तेलंगणात दुचाकी पेटल्याच्या बातम्या येत होत्या. या दुचाकी मोटारींच्या मानाने ‘कमी’ दाबाच्याच होत्या. विजेचा झटका हा एक धोका आणि बॅटरीत साठलेली ऊर्जा आगीच्या रूपाने बाहेर पडणं हा दुसरा. दोन्हींची कारणं वेगळी, चाचण्याही वेगळ्या. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि दुचाकी-तिचाकींसाठीचं एआयएस-१५६ व मोटारी-बससाठीचं एआयएस-०३८ ही दोन मानकं कडक केली. नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले: १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. त्यातली एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बॅटरीतला एक सेल मुद्दाम बिघडवून तापवला, तरी आग किंवा धूर प्रवाशांपर्यंत पोचण्याआधी किमान ५ मिनिटं गाडीने इशारा दिला पाहिजे. पाच मिनिटांत आजीला, बाळाला आणि डिकीतल्या पिशव्यांना घेऊन उतरता येतं. पिशव्या राहिल्या तरी चालतील.

या चाचण्या करण्याचा अधिकार मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमाने ठरावीक संस्थांना दिलेला आहे. त्यात मराठी माणसाला सर्वांत ओळखीची म्हणजे पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय; स्थापना १९६६. अहिल्यानगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे. आणि तिसरी संस्था खानदेशाला पुण्यापेक्षा जवळ आहे, हे खानदेशातच फारसं कोणाला माहीत नसतं: मध्य प्रदेशातल्या पिथमपूरची नॅट्रॅक्स. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा करत निघालं की चार-पाच तासांच्या वाटेवर. तिथली ११.३ किलोमीटरची अतिवेगवान चाचणी धावपट्टी जून २०२१ मध्ये तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते खुली झाली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पिथमपूर ठाऊक असतं ते बाहा स्पर्धेमुळे. स्वतः बनवलेली गाडी चिखलातून पळवायची आणि मोडली की तिथेच जोडायची.

बॅटरीला प्रयोगशाळेत काय काय सोसावं लागतं ते थोडं जवळून बघू.

आधी तिला हलवतात. थरथरणाऱ्या मंचावर बांधून सेकंदाला ७ वेळा ते ५० वेळा आणि परत ७ वर, अशी एक फेरी १५ मिनिटांची. अशा १२ फेऱ्या, म्हणजे सलग तीन तास वर-खाली. फागणे ते तरसोद या टप्प्याचं चौपदरीकरण ज्या काळात रखडलं होतं, त्या काळात धुळे-जळगाव प्रवास केलेल्या कोणालाही तीन तास हा आकडा ओळखीचा वाटेल. मग उष्णतेचा झटका: सहा तास ६० अंश सेल्सिअसला, नंतर अर्ध्या तासाच्या आत उणे ४० ला, तिथेही सहा तास, आणि हे पाच वेळा. मग यंत्राच्या जबड्यात १०० किलोन्यूटनने दाबतात, म्हणजे साधारण दहा टनांचा भार. मग आग: पेटत्या इंधनाच्या ज्वाळांवर ७० सेकंद थेट आणि पुढची ६० सेकंद जाळीआडून. या सगळ्यात बॅटरीचा स्फोट होता कामा नये. याखेरीज बाहेरून शॉर्ट सर्किट करून बघतात, गरजेपेक्षा जास्त चार्ज करून बघतात, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करून बघतात. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, की बॅटरीवर पहारा देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था, जिला सगळे बीएमएस म्हणतात, ती वेळेत ‘पुरे’ म्हणते की नाही.

कागदावर हे भक्कम आहे. तरी खानदेशातून बघणाऱ्याला एक-दोन शंका येतात आणि त्या रास्त आहेत. उणे ४० शी इथे कोणाला कर्तव्य नाही. ६० चा मात्र रोजचा संबंध आहे. मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ ओलांडतो तो सावलीतला. डांबराचा रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि बॅटरी बसते ती बरोबर त्याच्या वर, वीतभर अंतरावर. शिवाय उष्णतेच्या त्या चाचणीत बॅटरी नुसती पडून असते, काम करत नसते. महामार्गावर तासभर पळून आलेली, आतून आधीच तापलेली बॅटरी भर दुपारी फास्ट चार्जरला लावली तर काय, याचं उत्तर दुसऱ्या चाचणीत शोधतात. तिथे तापलेल्या पेटीत बॅटरी सतत चार्ज-डिस्चार्ज करत ठेवतात आणि ती स्वतःहून हात आखडता घेते का ते बघतात. म्हणजे पारोळ्याजवळच्या धाब्यावर ‘साहेब, चार्जिंग फारच हळू चालू आहे’ अशी तक्रार जेव्हा होते, तेव्हा पुष्कळदा गाडी बिघडलेली नसते. प्रयोगशाळेत जे करून दाखवलं तेच ती उन्हात करत असते.

दुसरी शंका पाण्याची. नियमातली पाण्याची चाचणी अशी: १० सेंटिमीटर खोल पाण्यातून, ताशी २० किलोमीटर वेगाने, ५०० मीटर अंतर. लगेच इन्सुलेशन मोजायचं आणि गाडी चोवीस तास उभी ठेवून पुन्हा मोजायचं. १० सेंटिमीटर म्हणजे चार बोटांहून थोडं जास्त. पांझरेला पाणी आलं की फरशीपुलावर ते किती असतं हे धुळेकराला विचारावं. बहुतेक कंपन्या स्वतःच्या चाचण्यांत याच्या कितीतरी पुढे जातात आणि बॅटरीची पेटी मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली तरी आत ओल शिरू नये अशी बनवतात, हे खरं. पण ती परीक्षा नव्या पेटीची, नव्या गॅस्केटची. चार पावसाळे खाल्लेल्या आणि एकदा दगडावर घासलेल्या पेटीची नव्हे. त्या चाचणीतलं दुसरं मोजमाप, चोवीस तासांनंतरचं, म्हणूनच मोलाचं. पाणी शिरलं की लगेच कळतंच असं नाही. ते झिरपत, पसरत जातं आणि दुसऱ्या दिवशी आकडा खाली येतो. पुराच्या पाण्यातून आलेली गाडी गॅरेजमध्ये आल्या आल्या ‘ठीक’ म्हणून परत पाठवणं ही सरळ चूक आहे.

आता इन्सुलेशन. खानदेशातल्या विजेच्या जाणकाराला इथे आपली सवय बाजूला ठेवावी लागते, म्हणून थोडं थांबू.

घरातल्या आणि शेतातल्या विजेत एक तार जमिनीला बांधलेली असते. डीपीपाशी न्यूट्रलला अर्थिंग असतं. म्हणून फेजला नुसता एक हात लागला तरी झटका बसतो. वीज शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून डीपीकडे परत जाते. लाइनमनच्या खिशातला टेस्टर याच वाटेवर पेटतो. विजेच्या गाडीत अशी वाट ठेवलेलीच नाही. बॅटरीचं धन टोकही गाडीच्या लोखंडाला जोडलेलं नसतं आणि ऋण टोकही नाही, दोन्ही अधांतरी. एका टोकाला हात लागला तर काहीच होत नाही, आणि टेस्टरही पेटत नाही.

फसगत होते ती इथेच. ३५० व्होल्टच्या टर्मिनलला टेस्टर टेकवला, दिवा लागला नाही, म्हणजे ‘करंट नाही’ असं वीस वर्षांचा अनुभव सांगतो. अनुभव चुकत नाही; यंत्रणा वेगळी आहे. समजा, केबल कुठेतरी घासून धन टोक चासीला टेकलेलं आहे. गाडी व्यवस्थित चालते, कोणाला काही जाणवत नाही, कारण परतीची वाट अजून बंद आहे. मिस्तरी कोपर चासीवर टेकून ऋण टोकाला हात लावतो आणि ती वाट त्याच्या छातीतून पूर्ण होते. घरातला ईएलसीबीही इथे उपयोगाचा नाही. बॅटरीला जमिनीचा पत्ताच माहीत नसल्याने त्याला काही कळत नाही.

म्हणून नियम असा: टोकं आणि चासी यांच्यामधला अडथळा दर व्होल्टमागे किमान १०० ओहम, आणि एसीचा भाग त्याच जाळ्यात जोडलेला असेल तर ५०० ओहम. हे आकडे माणसाच्या शरीरावरून आले आहेत. व्होल्टला ५०० ओहम म्हणजे गळती झालीच तरी जास्तीत जास्त २ मिलिअँपिअर, फार तर मुंग्या येतील इतकी. १०० ओहम म्हणजे १० मिलिअँपिअर; त्याच्या वर स्नायू माणसाचं ऐकेनासे होण्याची भीती सुरू होते.

मोजायची पद्धत सुरेख आहे, कारण त्यात बॅटरी स्वतःच स्वतःची परीक्षा घेते. एक उदाहरण घेऊ. बॅटरी ३५० व्होल्टची. मीटरची एक पिन चासीला, दुसरी ऋण टोकाला: २०० व्होल्ट. मग धन टोकाला: १५०. बेरीज जुळली. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, म्हणजे १५० वाल्या बाजूने गळती थोडी जास्त आहे. आता जिथे जास्त दाब दिसला तिथे, म्हणजे ऋण टोक आणि चासी यांच्यामध्ये, एक माहितीचा रेझिस्टर जोडायचा. १ लाख ७५ हजार ओहमचा घेऊ. पुन्हा मोजलं तर २०० चे ५० झाले. हिशेब केला की सर्वांत कमजोर बाजूचं इन्सुलेशन निघतं: सुमारे ९ लाख १८ हजार ओहम. नियमाला हवे होते ५०० गुणिले ३५०, म्हणजे १ लाख ७५ हजार. गाडी पास. पण नवी गाडी असेल आणि गेल्या वर्षी हाच आकडा ४० लाख होता अशी नोंद हाताशी असेल, तर शहाणा तपासनीस तिला तशीच सोडणार नाही. एकटा आकडा फारसं बोलत नाही, मागच्या आकड्याशेजारी ठेवला की बोलतो. गाडीतली व्यवस्थाही चालता चालता हेच मोजत असते आणि मर्यादा ओलांडली की डॅशबोर्डवर दिवा लावते. पण दिवा लागेपर्यंत थांबायचं असेल तर तपासणी कशाला म्हणायची?

हे मोजमाप करणारा हात सुरक्षित कसा राहतो, त्याचीही शिस्त ठरलेली आहे. गाडी बंद. बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढून खिशात. बॉनेटवर ठेवायचा नाही, कारण कोणीतरी मदत म्हणून तो परत बसवतो. मग थांबायचं. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही दाब शिल्लक असतो, तो उतरायला कंपनीच्या पुस्तकात सांगितलेली मिनिटं द्यायची. रबरी हातमोजे १,००० व्होल्टचे, वरून चामड्याचे. घालण्याआधी मोज्याचं तोंड गुंडाळत आणून आत हवा कोंडायची आणि कानाशी धरून दाबायचं. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी फुस्स ऐकू येतं. मीटर आधी जिवंत असलेल्या दुसऱ्या टर्मिनलवर लावून चालतो ना ते बघायचं, मग गाडीवर शून्य बघायचं, मग परत जिवंत टर्मिनलवर. मधल्याच वेळी मीटरची वायर तुटली असेल तर तो शून्य खोटा. हे सगळं करायला पाव तास लागतो, आणि गिऱ्हाईक शेजारी उभं राहून घड्याळ बघत असेल तर तो पाव तास फार लांबतो.

भुसावळच्या माणसाला यातलं काहीच नवं वाटणार नाही. तिथल्या विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये २५ हजार व्होल्टखाली कामं चालतात. तार बंद केल्याशिवाय आणि अर्थिंग लावल्याशिवाय इंजिनाच्या छपरावर पाय ठेवायचा नाही, हा धडा पहिल्या दिवशी मिळतो. रेल्वेकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे, तो डीसीचा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे कित्येक दशकं इगतपुरीपर्यंत डीसी आणि तिथून भुसावळकडे एसी अशी वाटणी होती, आणि इगतपुरीला इंजिन बदललं जायचं. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून स्विच उघडला की ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य नाही; ठिणगी ताणली जाते, जळत राहते. गाडीतले काँटॅक्टर, म्हणजे उच्चदाबाचे स्विच, म्हणूनच बंद डबीत असतात. डबीत वायू भरलेला आणि शेजारी चुंबक, तो ठिणगीला बाजूला खेचून तोडतो. भर प्रवाहात हा काँटॅक्टर उघडला तर टोकं एकमेकांना चिकटू शकतात, आणि चिकटलेला काँटॅक्टर म्हणजे गाडी ‘बंद’ असतानाही चालू असलेली केबल. चाचणी अभियंत्याच्या यादीत हा बिघाड फार वर असतो.

घरच्या चार्जिंगची गोष्ट वेगळी. गाडी भिंतीतल्या सॉकेटला लावली की ती अधांतरी राहत नाही, तिचं लोखंड घराच्या अर्थिंगला जोडलं जातं. आणि खानदेशात अर्थिंग म्हणजे कोळसा-मीठ भरलेला खड्डा, काळ्या मातीत. पावसाळ्यात उत्तम. एप्रिल-मेमध्ये मातीला हात जाईल अशा भेगा पडतात, ओल जाते, अर्थिंगचा रोध वाढतो आणि चार्जरवर लाल दिवा लागतो. चार्जर बरोबर वागतो. चूक करतो तो ओळखीचा वायरमन, सॉकेटमध्येच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देणारा. दिवा हिरवा होतो, सगळे खूश. पुढे कधी वादळात न्यूट्रल तुटला की गाडीची अख्खी बॉडी २३० व्होल्टवर येते आणि सकाळी दार उघडायला जाणाऱ्याला त्याची काहीच कल्पना नसते. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतणं, अर्थिंगचा रोध वर्षातून एकदा मोजून घेणं, गरज पडली तर दुसरा खड्डा करणं: हा खर्च गाडीच्या एका सर्व्हिसिंगपेक्षाही कमी. इतकी स्वस्त सुरक्षा या विषयात दुसरी नाही.

फास्ट चार्जरशी उभं राहणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. केबल लावल्यावर काही वेळ काहीच होत नाही, लोक चुळबुळ करतात, कोणी केबल काढून परत लावतो. त्या वेळात चार्जर आणि गाडी एकमेकांशी बोलून घेतात, केबलला कुलूप लागतं, चार्जर रिकाम्या केबलवर दाब चढवून इन्सुलेशन तपासतो, मग आपला दाब बॅटरीच्या दाबाशी जुळवतो, आणि नंतरच आतून काँटॅक्टरचा ‘टक्’ येतो. उच्चदाबाची एक छोटी चाचणी अशी दर चार्जिंगला होते, तीही फुकट.

या पुस्तकाचं मुख्य म्हणणं आता सांगायला हरकत नाही. प्रमाणपत्र मिळतं ते नमुन्याला. कारखान्यातून निघणाऱ्या बाकीच्या गाड्या त्या नमुन्यासारख्या आहेत का, याची अधूनमधून तपासणी होते. पण गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीची केबल उंदराने कुरतडली, अपघातानंतर बॅटरीचं झाकण उघडून पुन्हा बसवलं, गॅस्केटऐवजी सिलिकॉन फासलं, या गोष्टी पुण्याला किंवा पिथमपूरला कळणार नाहीत. त्या कळतील फक्त इथल्या तपासनीसाला, आणि तो तयार करायला खानदेशाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. चोपड्यात, अमळनेरात, शिरपुरात सबमर्सिबल मोटारींचं रिवायंडिंग करणारे आहेत. मोटार जळाली की ‘मेगर लाव’, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र लाव, हे त्यांचं पहिलं वाक्य. इन्सुलेशन म्हणजे काय, ओलीने ते कसं उतरतं, वॉर्निश कसं वाळवायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांना शिकवायचं ते एवढंच की इथे मेगर सरळ लावला तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जाईल. आधी काय सोडवायचं आणि मेगर किती व्होल्टवर ठेवायचा ते कंपनीच्या पुस्तकात बघून ठरवायचं. एका अर्थाने इंजिनाच्या मिस्तरीपेक्षा रिवायंडिंगवालाच या कामाला जास्त लायक आहे. हे मत गॅरेजवाल्यांना आवडणार नाही.

निकडही जवळ येत चालली आहे. एसटीची पहिली विजेवरची शिवाई १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर धावली. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या, १० हजार बसच्या पीएम ई-बस सेवा योजनेत जळगावचं नाव आहे. शहर बसच्या डेपोत रोज रात्री ओळीने गाड्या चार्ज होतात. तिथे इन्सुलेशनची वही कोण लिहिणार, ही काही छोटी नेमणूक नव्हे. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, धुळ्याचं देवरे महाविद्यालय, शिरपूरचं आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट, आणि त्यांच्याहूनही जास्त गावोगावच्या आयटीआय, यांच्या दारातलं हे काम आहे.

ट्रकचा विषय पुस्तकात सर्वांत शेवटी घेतला आहे, कारण तो अजून घडतो आहे. अवजड वाहनांसाठी मेगावॅट चार्जिंगचं जे मानक जगात आकाराला येतं आहे, त्याची कमाल मर्यादा १,२५० व्होल्ट आणि ३,००० अँपिअर आहे. धुळ्यासारख्या ट्रकच्या गावाला यातला एक प्रश्न अगदी आपला आहे. सेंधव्याला बॅटरी पूर्ण भरून घेतलेला मालट्रक बिजासन घाट उतरू लागतो. उतारावर मोटार ब्रेकचं काम करते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत पाठवते. पण बॅटरीत जागा नाही. बीएमएस नकार देते, जसा तिने जादा चार्जिंगच्या चाचणीत द्यायला हवा तसाच. ती बरोबर आहे, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा ब्रेक अचानक हलका झालेला असतो आणि मागे भरलेला माल असतो. अशा वेळी ती वीज कुठे जाळायची, घर्षणाच्या ब्रेकवर किती भार टाकायचा, माथ्यावर बॅटरी किती टक्क्यांवर असावी, पायथ्याशी पोचेपर्यंत तिचं आणि ब्रेकच्या ड्रमचं तापमान किती वाढतं, हे सगळं मोजावं लागेल, आणि मोजायचं तर मेमधल्या दुपारी, पूर्ण लोडवर. पिथमपूरहून धुळ्याकडे येताना हा घाट वाटेतच लागतो.